पाटावर न मावणारी चाळ

आत्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात स्टुलावर चढून एका संशोधकाची तसबीर सरळ करत होते. आमच्या नाशिकच्या तंत्रनिकेतनात अशा तसबिरींची एक रांगच आहे. विजेच्या दिव्याचे आजोबा दाराजवळ आहेत, त्यामुळे कुणी दार आपटलं की ते तिरके होतात. एका हाताने त्यांना धरून मी फोन उचलला. आत्या अहिराणीतच बोलते, आणि हॅलो म्हणण्यात वेळ घालवत नाही.

"दादा पिंपळगावले चालना," ती म्हणाली. "पुढला साल आठे पूजा कोन करी? यंदाना नारळ माले पायजे."

मी म्हटलं, घरी गेल्यावर सावकाश बोलू. ती म्हणाली, बोलायचं काही नाही, तू ये. आणि फोन ठेवला.

हा नारळ कसला, ते सांगायला हवं. आमचं गाव नामपूरच्या अलीकडे, कांद्याचं. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गावातली हत्यारं आमच्याकडे एकत्र पुजतात. प्रत्येक घर आपलं एक हत्यार घेऊन येतं. विळा, कुऱ्हाड, खुरपं, पान्हा. हल्ली कुणी ट्रॅक्टरची चावीही आणतं. सगळी एका मोठ्या पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि मग पहिला नारळ गावाची हत्यारं घडवणाऱ्या माणसाच्या हातात देतात. तो फोडायचा नाही, त्याने घरी न्यायचा. पूर्वी हा मान गावच्या लोहाराचा होता. लोहाराची मुलं शहरात गेली, भट्टी विझली, आणि नारळ आपोआप नामपूर रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये गेला. ते वर्कशॉप दादांचं.

दादा नांगराचे फाळ, ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असं सगळं बनवतात. पण तालुक्यात त्यांचं नाव झालं ते लोखंडी कांदाचाळीमुळे. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट, उंच जागा. बाजूंना जाळी, वर पत्रा, आणि मुख्य म्हणजे जमिनीपासून वर उचललेला तळ. तळाला फटी असतात, खालून वारा खेळतो आणि उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकतो. आमच्याकडे या लोखंडी चाळीला 'दादाचाळ' असंच म्हणतात. गावोगावच्या फलकांवर दादांचा फोटो आहे. शाळेतली पोरं 'माझा आवडता संशोधक' या निबंधात दादांबद्दल लिहितात.

आणि आत्याचं म्हणणं असं, की चाळ आधी तिने उचलली.

ते खरं आहे. निदान आमच्या गावापुरतं खरं आहे. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या देशात कुणी तिच्याही आधी कांद्याखाली वारा घातला असेल; घातला असणारच. पण आत्याने कुणाचं पाहून केलं नव्हतं, आणि आमच्या पंचक्रोशीत तिचं पाहून लोकांनी केलं, हे दोन्ही मला नीट माहीत आहे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि शेताचा कारभार तिने स्वतःकडे घेतला. वडील राबायचे, ठरवायची ती. त्या काळी आमचा कांदा घराच्या मधल्या खोलीत जमिनीवर ओतलेला असायचा. भादव्यात दमट हवा झाली की ढिगाचा तळ सडायचा. वरचा कांदा लालबुंद, छान दिसायचा, आणि खालून पिवळट पाणी निघून उंबऱ्यावरून अंगणात यायचं. तो वास कपड्यांना लागायचा, दप्तराला लागायचा. शाळेत कुणाच्या घरचा कांदा सडला ते बाईंना हजेरी घेतानाच कळायचं.

आत्याने आधी खोलीतला ढीग बाहेर काढला. कुडाची एक लांब शेड घातली, खाली दगड मांडले, दगडांवर बाभळीची लाकडं आणि त्यांवर बांबू. लोक हसले. कांद्याला पलंग केला म्हणाले. पुढच्या साली तिने दगड वाढवले. त्याच्या पुढच्या साली शेड अरुंद केली, कारण मधला कांदा अजून घामेजत होता. मग बांबूंमधल्या फटी मोठ्या केल्या, आणि एकदा इतक्या मोठ्या केल्या की बारीक कांदा रात्रभर टपटप खाली पडत राहिला आणि वडील वैतागून म्हणाले, आता हिला कांद्याला पायजमा शिवायला सांगा. असं करत करत काही वर्षांनी अंगणात येणारं पाणी थांबलं.

ते कधी थांबलं, मला आठवत नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वास आठवतो, पाणी आठवतं, बाई आठवतात. थांबल्याचा दिवस आठवत नाही. एखादी गोष्ट व्हायची बंद झाली, हे कुणाच्या लक्षात राहतं?

आमचं मात्र सगळं त्यावर उभं राहिलं. कांदा टिकू लागला तसा तो घाईने विकावा लागेना. भाव येईपर्यंत थांबता येऊ लागलं. मी दहावी झाले तेव्हा घराण्यात कुणी दहावी झालेलं नव्हतं. वडिलांना वाटत होतं आता स्थळ बघावं. आत्या म्हणाली, चाळीत कांदा शे, पोर शिकी. त्या एका वाक्यावर मी नाशिकला वसतिगृहात आले, पदविका झाले, मग पदवी. आज मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते. ज्या बाईंना आमच्या दप्तराचा वास यायचा, त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला कधी मागच्या बाकावर पाठवलं नाही. पण पहिलं ऋण त्या बांबूंच्या फटींचं.

दादा आमच्या चाळीशी कसे आले, तेही मला माहीत आहे. मी शिकायला नाशिकला गेल्यावर ते एकदा ट्रॉली दुरुस्त करायला घरी आले होते. तेव्हा तरुण होते. चाळीखाली वाकले, हात आत घालून वारा पाहिला, आत्याला दोनचार प्रश्न विचारले आणि चहा पिऊन गेले. वर्षभराने त्यांनी लोखंडाची पहिली चाळ उभी केली. बांबू कुजतो, वाळवी लागते, दर दोनतीन वर्षांनी बदलावा लागतो. दादांनी अँगल आणले, ठरावीक मापं केली, सुटे भाग टेम्पोत घालून कुठल्याही शेतावर नेऊन जोडता येतील असं केलं. ही लहान गोष्ट नाही. आत्याची चाळ आमच्या गावात राहिली असती. दादांची बागलाण तालुकाभर गेली. या बाबतीत मी आत्याशीही भांडले आहे. ती म्हणते, त्याने माझी चाळ नेली. मी म्हणते, नेली म्हणून तर पोचली.

पण नाव फक्त त्यांचंच का झालं?

मी हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी विचारते, दादांचं नाव न घेता. संशोधक म्हटलं की कोण आठवतं? दिवा, विमान, टेलिफोन, रॉकेट. हे सगळे व्हरांड्यात आहेतच. मग मी विचारते, या खिडकीची कडी कुणी शोधली? बाटलीच्या झाकणाचे आटे? व्हरांड्यात पावसाचं पाणी साचत नाही, तो उतार कुणाला सुचला? एका वर्षी दिंडोरीकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ज्याचं यंत्र बंद पडल्यावर अंधार होतो, तोच माणूस आठवतो." तिच्या घरी द्राक्षबाग आहे. तिने पुढे सांगितलं, बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की चार शेतांवर आवाज जातो, औषधाचा ढग उठतो, सगळे काम सोडून बघतात. आणि छाटलेल्या काडीवर औषध पुसायला कुणीतरी काठीला स्पंज बांधला, त्याने बायकांच्या हातांची आग थांबली, तो कुणी बांधला हे तिच्या वडिलांनाही माहीत नाही. ब्लोअरवाल्याचं नाव मात्र टाकीवरच रंगवलेलं आहे.

मी त्या मुलीला त्या दिवशी पूर्ण गुण दिले.

दादांच्या बाबतीत मला आणखी दोन गोष्टी दिसतात. एक, त्यांचा वेल्डिंगचा काळा चष्मा. तो कायम कपाळावर असतो. लग्नात, बाजारात, ग्रामसभेत, फेट्याखालीसुद्धा. चित्रकलेच्या तासाला गावातलं कुठलंही पोर एक गोल काढतं, कपाळावर दोन काळे गोल काढतं, झाले दादा. आत्याचं चित्र कसं काढणार? नऊवारीतल्या बाईचं चित्र कुठल्याही आजीचं असू शकतं.

दुसरी म्हणजे गोष्ट. दादांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यांचा टेम्पो कांदा घेऊन जाताना घाटात बंद पडला, पावसात काही दिवस तिथेच राहिला, आणि टेम्पोच्या पट्ट्यापट्ट्यांच्या तळावरचा कांदा कोरडा खणखणीत निघाला. त्यावरून चाळ सुचली. मी एकदा स्वतः दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, टेम्पोवरून लोखंडाच्या पट्ट्यांची चाळ सुचली, असं मी सांगतो. खोटं ते बोलतच नव्हते. लोकांनी ऐकताना लोखंडाच्या पट्ट्या गाळल्या आणि नुसती चाळ ठेवली. गोष्ट तोंडातोंडी फिरताना जे जड असतं ते असंच गळून पडतं.

तर फोन आल्यावर त्या आठवड्यातच मी गावी गेले. दादा वर्कशॉप पिंपळगाव बसवंतला हलवत होते. हायवेवर जागा मिळाली होती, द्राक्षं भरणाऱ्या पॅकहाउसवाल्यांची कामं होती. म्हणजे गावातली ही त्यांची शेवटची पूजा. पुढच्या वर्षी पाट कुठे मांडायचा, नारळ कुणाला, काही ठरलेलं नव्हतं. बहुधा प्रथाच बंद पडणार होती. आत्याचं वय झालेलं. गुडघे धरतात, एका डोळ्याने अंधूक दिसतं. तिला पैसा नको होता, सत्कार नको होता. गावाने चारचौघांत तो नारळ तिच्या हातात द्यावा, एवढंच हवं होतं. आणि ते यंदा झालं नाही तर कधीच होणार नव्हतं.

यापूर्वी तिने मागितला नव्हता असं नाही. दोनदा मागितला होता. दोन्ही वेळा गावातल्या म्हाताऱ्या बाबांनी, ज्यांच्या हातून नारळ दिला जातो, तिला एकच उत्तर दिलं होतं. "चाळ पाटवर कशी ठेवशी वं? चाळ काय हत्यार शे?"

हे उत्तर वरवर हसण्यासारखं आहे, पण त्यात तथ्य होतं. पूजा पाटावर मावणाऱ्या गोष्टींची. हातात धरता येईल, मिरवता येईल, धार दाखवता येईल, त्याला वर्षातला एक दिवस आहे. चाळ तर जागची हलत नाही. तिच्यासाठी पंचांगात कुठला दिवसच नव्हता, म्हणून तिच्या कर्तीसाठीही नव्हता. दादांना नारळ मिळायचा तो चाळीसाठी नव्हे, फाळांसाठी. पण देताना लोकांच्या डोळ्यांसमोर चाळच असायची.

मी शिकलेली. मला वाटलं, हे माझ्या पद्धतीने सोडवू. आत्याचा चाळीसमोर फोटो काढला, की कॉलेजतर्फे ग्रामीण संशोधकांच्या एखाद्या उपक्रमाला पाठवता येईल. फोटोत एक म्हातारी बाई एका शेडसमोर उभी होती, बस. दादांच्या फलकावर ठिणग्या उडत असतात. आत्याच्या फोटोत काहीच घडत नव्हतं. आणि तिच्या चाळीत काहीच घडत नाही, हेच तर तिचं यश.

मग मी ठरवलं, गोष्ट लिहू. पूजेला कुणीतरी चार शब्द बोलतं, ते यंदा मी बोलीन. ओसरीवर बसून मी लिहून काढलं आणि आत्याला वाचून दाखवलं, ते असं: एका श्रावणातल्या सकाळी आत्या अंगणात उभी होती. पावसाने अंगण चिखल झालेलं. तिचं लक्ष कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेलं. खुराडं दगडांवर उचललेलं, खालून वारा वाहतोय, कोंबड्या कोरड्या, सुखी. तिच्या मनात वीज चमकली.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. सुपारी कातरायची थांबली.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "आपला घर कोंबड्या कवय व्हत्यात? माळकरीनं घर शे आपलं."

खरंच की. आमच्या चार पिढ्यांत कुणी अंडं खाल्लेलं नाही. शहरात राहून हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग आईला हाक मारून तिने ते पुन्हा वाचायला लावलं. पुढे दोन दिवस मी दिसले की ती कोंबडीला बोलावतात तसा आवाज काढायची.

पण हसून झाल्यावर तिने जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी म्हटलं होतं, बरं, कोंबड्या नाहीत, मग खरं सांग, नेमकं कोणत्या दिवशी सुचलं?

"एक दिन कसाना वं?" ती म्हणाली. "दरसाल जराशी उचली."

बस, तिची सगळी गोष्ट एवढीच. पण व्हरांड्यातल्या प्रत्येक तसबिरीमागे एक दिवस आहे, झाड आहे, पतंग आहे, अपघात आहे. लोकांना तो दिवस हवा असतो, कारण तो सांगता येतो. मी स्वतः सांगते. आत्याकडे दिवस नव्हता. तिच्याकडे भादव्यांची रांग होती. मी म्हटलं, मग पूजेला मी काय बोलू? ती म्हणाली, तू काही बोलू नको, तू फोटो काढ. मी बोलते.

खंडेनवमीच्या सकाळी वर्कशॉपचं आवार धुतलं होतं. अर्धी मशिनं आधीच पिंपळगावला गेलेली, भिंतीवर त्यांच्या जागा काळ्या उमटलेल्या. ट्रॅक्टर धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभे. पाटावर विळे, कुऱ्हाडी, पान्हे, चाव्या, एका पोराने हौसेने ठेवलेला स्क्रूड्रायव्हर. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. दादा कपाळावर चष्मा घेऊन, नवा पांढरा शर्ट घालून उभे.

आत्या आली ती हातात बांबू घेऊन. जुन्या चाळीच्या तळातला, काळपट पडलेला, माझ्या उंचीएवढा. तिने तो पाटावर आडवा ठेवला. दोन्ही टोकं बाहेर आली आणि दोन विळे सरकून खाली पडले. कुणीतरी म्हणालं, आत्या तर काठीचा नारळ मागायला आली. पुरुष हसले. म्हाताऱ्या बाबांनी घसा साफ केला. आता ते काय म्हणणार ते सगळ्यांना माहीत होतं.

आत्याने त्यांना बोलूच दिलं नाही. ती त्यांच्याकडे वळलीही नाही. ती बायकांकडे वळली.

"कांदानं पानी दारमातीन वाहेल कोनी कोनी देखेल शे?" तिने विचारलं. "हात वर करा."

आधी माझ्या आईने हात वर केला. मग शेजारच्या काकूंनी. मग एकेक करून म्हाताऱ्या बायकांचे हात वर गेले, आणि हातांबरोबर बोलणंही सुरू झालं. एक म्हणाली, आमच्याकडे तर देव्हाऱ्यापर्यंत गेलं होतं. दुसरी म्हणाली, बाळंतपणात मी त्याच वासात झोपले, दूध पिताना पोर तोंड फिरवायचं. तिसरी म्हणाली, सासरे म्हणायचे पाणी पुसू नका, लक्ष्मी पुसली जाते, आणि आम्ही नाक धरून बसायचो. पुरुषांतलेही दोघे-तिघे म्हातारे मान हलवू लागले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो वास आलेला मला दिसत होता.

त्या बायकांच्या मागे गावातल्या सुना उभ्या होत्या. सगळ्या कांदेकरणी, कांदा लावणाऱ्या, काढणाऱ्या, चाळीत भरणाऱ्या, सडका एखादा निवडून फेकणाऱ्या. त्यांच्यातली एक, कडेवर मूल घेतलेली, शेजारणीला म्हणाली, "कांदानं पानी म्हंजे कसानं पानी?"

ती काही मुद्दाम बोलली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. पण नेमकं तेवढ्यात म्हाताऱ्यांचं बोलणं ओसरलं होतं, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. म्हाताऱ्या बायकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी आत्याची चाळ पहिल्यांदा लोकांना दिसली. उचललेला तळ रोज दिसतच होता. त्या तळामुळे काय नाहीसं झालं, ते त्या सुनेच्या प्रश्नात दिसलं.

म्हाताऱ्या बाबांनी नारळ हातात घेतला होता, पण ते अडखळले. प्रथा मोडायची तर कुणाच्या सांगण्यावरून, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी दादांकडे पाहिलं. मान दादांचा, सोडायचा तर त्यांनीच सोडायचा.

दादांनी खाली पडलेले दोन विळे उचलले, बांबूच्या शेजारी जागा करून पाटावर नीट ठेवले, आणि स्वतःकडे बोट करून म्हणाले, "लोखंड मनं. उंची आत्यानी."

मग बाबांनी आत्याच्या हातात नारळ दिला. टाळ्या वगैरे नाहीत. आमच्याकडे पूजेत टाळ्या वाजवत नाहीत. एका काकूंनी पुढे होऊन आत्याला कुंकू लावलं आणि तोच अंगठा त्या बांबूला लावला. मी फोटो काढायचा विसरले. नंतर आत्याने त्याबद्दल मला बरंच सुनावलं.

नाशिकला परत आल्यावर मी वर्गात ही हकिगत सांगितली. विद्यार्थ्यांनी विचारलं, म्हणजे मॅडम, आता आत्या प्रसिद्ध होतील का? मी म्हटलं, नाही. बागलाणात चाळीला दादाचाळच म्हणतील, आणि त्यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. नाव त्याच्याकडे जातं ज्याची वस्तू फिरते, ज्याचा चेहरा काढता येतो, ज्याची गोष्ट एका दमात सांगता येते. पण नाव आणि उपकार या दोन वेगळ्या वाटांनी जातात, हे मला आता ठामपणे सांगता येतं. नाव फलकावर जातं. उपकार त्या सुनेकडे गेला, जिला ते पाणी माहीतच नाही. एखाद्या गोष्टीमुळे एक अख्खं दुःख पुढच्या पिढीला समजावून सांगावं लागत असेल, तर ती गोष्ट जिंकली. तिला तसबीर नसली तरी चालेल. गावातल्या चार म्हाताऱ्या बायकांना तेवढं ठाऊक असलं की पुरे. आणि ते कधीतरी, एखाद्या दिवशी, मोठ्याने विचारायला हवं. आत्याने विचारलं.

आत्याला मात्र 'पुरे' हा शब्द मान्य नाही. दसऱ्याला सोनं द्यायला मी घरी थांबले होते तेव्हा तिने नारळ देवघरात ठेवला नव्हता. चाळीच्या दाराशी, बरोबर नजरेच्या उंचीवर, लाल कापडात बांधून टांगला होता. म्हणाली, कांदा बघायला व्यापारी येतात, त्यांनी विचारायला पाहिजे हा नारळ कसला. विचारलं की सांगीन.

मग माझ्याकडे बघून विचारात पडली.

"दादाना कपाळवर चष्मा शे," ती म्हणाली. "मी काय घालू, सांग."